जुना स्वीडिश वस्तरा: त्याचं पाणी उतरवू नका

पात्यावर ‘स्वीडिश स्टील’ कोरलेलं दिसलं की लोक हरखतात. अहो, स्वीडनचं पोलाद जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीरही वापरायचे आणि तसं पात्यावर मिरवायचे. खरा स्वीडिश वस्तरा बहुधा स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना गावचा असतो. रीगाहून आलेल्या राडेमाखर या कारखानदाराच्या 1650 च्या दशकातल्या लोहारशाळांपैकी सहा त्या गावात अजून उभ्या आहेत. तेव्हा पातं सोडा, मुठीत शिरणारा दांडा बघा. हेल्येस्ट्रांड, एंगस्ट्रॉम, बर्ग यांपैकी एखाद्या वस्तरेवाल्याचं नाव आणि गावाचा ठसा तिथं सापडतो. शेजारी ‘एम के 32’ असेल तर तो मॉडेलचा नंबर. आणि साल ठोकलेलं असेल तर वस्तरा त्याच साली घडला असं लगेच धरू नका.

हा ठसा उथळ असतो. पॉलिश पेपर फिरवून आरसा केलात की ओळख गेली. मी दांड्याला ऑटोसोल (धातू चमकवायची पेस्ट) आणि जुनी बनियन यापलीकडे काही लावत नाही.

आता माझं पाप. पहिला हेल्येस्ट्रांड इथल्या एका लोपिसमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, स्वस्तात मिळाला. गंज हाताने काढायला तीन संध्याकाळी लागल्या असत्या. माझ्याकडे छोटं ग्राइंडर होतं आणि तेवढा धीर नव्हता. मिनिटभरात टोकाजवळ निळसर झाक आली. पोलादावर निळा रंग चढतो तो 300 अंशांच्या आसपास, आणि वस्तऱ्याचा कडकपणा दोनशेच्या पुढेच ढासळू लागतो. कडेला पातं इतकं पातळ असतं की उष्णता जायला जागाच नाही. पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं ते उतरलं. त्या टोकाला धार लागायची आणि एका दाढीत बसायची. ते पातं आता पाकिटं फोडतं. तेव्हापासून हात, तेल आणि 1000 नंबरचा पेपर. “ग्राइंडर लावताना मी पातं अधूनमधून पाण्यात बुडवतो” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

धारेवरच गंजाचे खड्डे असतील तर घेऊच नका. भिंगाखाली केसाएवढी चीर दिसली तरी तेच.

सेल्युलॉइडच्या (कापूर घालून केलेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या) मुठीला कापराचा वास चालेल. पण आंबूस, झोंबणारा वास आणि जाळीदार तडे दिसले तर मूठ कुजते आहे. तिच्यातून निघणाऱ्या आम्लाने तेल लावलेलं पातंही गंजतं, आणि शेजारच्या डबीतलंही. अशी मूठ मी त्याच दिवशी उतरवतो. खिळीचं डोकं कानशीने घासायचं आणि खिळी हलक्या हाताने बाहेर ढकलायची. हातोडी मारलीत तर मूठ फुटेल. गरम पाण्यात किंवा ज्योतीजवळ नेऊ नका, सेल्युलॉइड भडकतं.

धारेसाठी थेट 400 चा दगड (नंबर जितका लहान तितका दगड खरखरीत) घेणाऱ्यांनी कोयता घ्यावा. मी 8000 पासून सुरू करतो, भागलं नाही तरच 1000 कडे उतरतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत, आणि पाठीवर इलेक्ट्रिशियनच्या टेपचा एकच थर.