टाटा ४०७ टेम्पोचा गिअरबॉक्स: घरी खोलायचा की गॅरेजला द्यायचा?

बॉक्स आवाज करायला लागला की टेम्पोवाल्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, मिस्त्रीकडे टाक आणि मोकळा हो. दुसरा म्हणतो, एवढी मजुरी कशाला, आपणच खोलू. माझं मत असं, की उतरवणं, खोलणं, धुणं आणि काय झिजलंय ते ठरवणं घरी करावं, प्रेसचं आणि लेथचं काम दुकानात न्यावं. न खोललेला बॉक्स दिला की आत नेमकं काय गेलं होतं ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तितकेच अंधारात.

मी फुरसुंगीला राहतो. पुरंदरचा माल, म्हणजे अंजीर, सीताफळ, वाटाणा, मार्केट यार्डला आणतो. भरलेली गाडी दिवे घाट उतरते, म्हणून गिअरबॉक्सच्या बाबतीत मी चालढकल करत नाही.

पान्याला हात लावण्याआधी आवाज ओळखा. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून फिरत येणारा दांडा) किंवा खालच्या काउंटर शाफ्टचं (त्याला समांतर, गिअर असलेला दांडा) बेअरिंग गेलंय. उलटं, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचला ढकलणारं बेअरिंग, बघा. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागेल, पण खोलावा लागणार नाही. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्याच गिअरचे दात किंवा त्याखालचं नीडल बेअरिंग. बाकी सगळ्या गिअरमध्ये आवाज आणि डायरेक्ट गिअरमध्ये (इनपुट शाफ्ट सरळ मागच्या शाफ्टला जोडला जातो तो गिअर) गाडी शांत, तर संशय काउंटर शाफ्टवर, कारण डायरेक्टमध्ये त्याच्यावर भार नसतो.

गिअर टाकताना खरखरत असेल तर लगेच सिंक्रो रिंगला, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगला, दोष देऊ नका. क्लच पूर्ण दाबा, पाच-सात सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरी खरखरला तर क्लच नीट सुटत नाही, आणि ते काम बरंच स्वस्तातलं आहे.

सगळ्यात गंभीर दुखणं गिअर निसटण्याचं. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनाला ओढतात आणि दातांवर उलट्या बाजूने भार येतो. स्लीव्ह, म्हणजे गिअर शाफ्टला जोडणारी सरकती कडी, जिथे अडकते ते छोटे दात गोल झाले असतील तर तो भार स्लीव्हला बाहेर ढकलतो. गिअर सुटला की इंजिनाचा आधार गेला, सगळं वजन ब्रेकवर, आणि ड्रम तापले की ब्रेक कमी लागायला लागतात. वडकीकडे उतरताना वळणावर हे झालं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून गिअर एकदा जरी निसटला तरी भरलेली गाडी घाटात घालू नका. मात्र तपासताना स्वस्तापासून सुरुवात करा: बॉक्सचे माउंटिंग रबर, लिव्हरचे बुश, मग गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी, मग स्लीव्ह सरकवणारा फोर्क. वरचं झाकण गाडीवरच निघत असेल तर यातलं बरंचसं बॉक्स न उतरवता दिसतं.

आता उतरवणं. जमीन सिमेंटची हवी, गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) हवी. विटा अजिबात नकोत, त्या काही न सांगता फुटतात. सोबत दुसरा माणूस आणि बॉक्स पेलणारा ट्रॉली जॅक हवाच. हे जमत नसेल तर उतरवण्याचं काम गॅरेजलाच द्या. बॅटरीची वायर काढा, तेल कोमट असताना पांढऱ्या ट्रेमध्ये सोडा. सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंग झिजलीय, लोखंडाचे कपचे दिसले तर दात किंवा बेअरिंग. प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी जोडावर दोन्ही बाजूंना खूण करा, तो होता तसाच बसला पाहिजे. बॉक्स सरळ मागे घ्या. इनपुट शाफ्टवर त्याचं वजन लटकलं तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. निघालेला माल जुन्या चादरीवर निघाला त्याच क्रमाने मांडा. प्रत्येक सिंक्रो रिंग तिच्याच गिअरला तारेने बांधा, अदलाबदल चालत नाही. डिझेलने धुवा, पण हवेच्या प्रेशरने कोरडं बेअरिंग गरगर फिरवू नका. रिंग गिअरच्या कोनावर दाबून मधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. नुसत्या नजरेने रिंग पास करायची नाही.

इथे घरचं काम थांबतं. शाफ्टवरची बेअरिंगं हातोड्याने ठोकून बसवणारे मी पाहिलेत, आणि ती बेअरिंगं फार टिकत नाहीत. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवरच यायला हवा. बाहेरच्या रिंगवर दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि ट्रॅकवर खड्डे पडतात. म्हणून शाफ्ट उचलायचा आणि भोसरीला किंवा जवळच्या प्रेसवाल्याकडे न्यायचा. पार्ट आणायला नाना पेठेत जाताना जुना पार्ट सोबत ठेवा, बेअरिंगवरचा नंबर जुळवा, गिअरचे दात मोजा. एकमेकांत फिरणारे दोन गिअर जोडीनेच बदला. नवा दात जुन्या झिजलेल्या दाताबरोबर नांदत नाही.

सगळं काम बाहेर द्यायचं ठरवलंत तरी हरकत नाही. गाडी उभी राहिली की भाडं बुडतं, आणि हंगामात ते मजुरीपेक्षा जड जाऊ शकतं. फक्त मिस्त्रीला आधी सांगा, "दादा, बॉक्स माझ्यासमोर खोला आणि काढलेला प्रत्येक पार्ट मला परत द्या." चांगला मिस्त्री याने नाराज होत नाही, उलट बोट ठेवून दाखवतो.

हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखा ऑटोमॅटिक पिकअप असेल तर मात्र हे गणित बदलतं. आत क्लच प्लेटांचे थर, व्हॉल्व्ह बॉडी आणि सोलेनॉइड असतात. टॉर्क कन्व्हर्टर दुरुस्त करायचा तर लेथवर कापून, वेल्ड करून बॅलन्स करावा लागतो, आणि शेवटी स्कॅनरवर सेटिंग. घरी तेलाचा रंग आणि वास बघा. काळं पडून जळका वास आला तर क्लच प्लेटा जळल्यात. त्यापुढचं काम जाणकाराकडेच.

आपल्या बॉक्सकडे परत येऊ. जोडताना रिंगा आणि बेअरिंगं तेलात बुडवून घ्या. झाकण लावल्यावर एकेक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवा. दोन गिअर एकदम पडत असतील तर इंटरलॉक, म्हणजे एका वेळी एकच गिअर पडू देणारी अडक, चुकलाय, तिथेच थांबा. क्लच प्लेट मध्यावर धरायला जुना इनपुट शाफ्ट कामाला येतो. बॉक्स इंजिनाला टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, हाउसिंगचे कान तुटतात. पुन्हा मागे घ्या, शाफ्ट थोडा फिरवा आणि परत लावा. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-५ भारी म्हणून भरायचं नाही, पितळी रिंगांना ते मानवत नाही.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सोलापूर रस्त्यावर, सपाटीला. परतल्यावर गळती बघा. साधारण १,००० किलोमीटरनंतर तेल सोडा आणि ड्रेन प्लगचं चुंबक बोटांनी चोळून बघा. मऊ राखाडी लेप असेल तर नवे पार्ट एकमेकांत बसतायत. नखाला टोचणारा तुकडा लागला तर बॉक्स पुन्हा खाली घ्या, आणि तोवर सासवडचा माल दुसऱ्याच्या गाडीतून पाठवा.