नानांच्या प्लेअरवरची प्रश्नचिन्हं

लष्कर भागातल्या आमच्या घरी सकाळ होते ती नानांच्या चिमुकल्या प्लेअरने. ग्वाल्हेर गायकी सोडून त्यांना काही चालत नाही. परवा हाक आली, "सूनबाई, अल्हैया बिलावल कुठे गेला गं? नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत."

आधी स्क्रीन नीट बघा, रोग तिथेच कळतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसला, तर यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) अक्षरं चुकीची वाचली जातायत. प्रश्नचिन्हं असतील तर बहुधा जुना आयडी३व्ही१ टॅग, म्हणजे फाइलीतच असलेली गाण्याच्या नावाची जुन्या पद्धतीची नोंद, उचलला जातोय. त्यात नावाला ३० बाइट, देवनागरीला जागाच नाही. नुसते चौकोन? मग फॉन्टच नाही, मुकाट्याने रोमनमध्ये लिहा.

पहिल्या दोन्हींसाठी संगणकावर एमपी३टॅग हा टॅग बदलायचा प्रोग्राम उघडून त्यात गाण्यांच्या फायली घ्या. टूल्स, ऑप्शन्स, टॅग्स, एमपेग. तिथे 'राइट'मध्ये आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६ (देवनागरी मावणारा नवा टॅग) ठेवा, आयडी३व्ही१ची खूण काढा. मग कंट्रोल-ए, कंट्रोल-एस; सगळे टॅग नव्याने लिहिले जातात.

जुना टॅग उडवायचा तर 'रिमूव्ह'मध्ये फक्त आयडी३व्ही१वर खूण हवी, मग फायली निवडून 'रिमूव्ह टॅग' दाबा. मी घाईत आयडी३व्ही२वरचीही खूण तशीच ठेवली आणि नानांचे सगळे राग एका क्लिकमध्ये बेनाव झाले! दोन रात्री त्यांच्याशेजारी बसून, ऐकून ऐकून नावं भरली. तेव्हा फायलींची कॉपी आधी काढाच.

एवढं करूनही जुनीच नावं दिसली, तर प्लेअरच्या सेटिंगमधून लायब्ररी पुन्हा बनवा.