स्कोप झिरो करताना या चुका टाळा

पहिली गोळी मध्यापासून दोन इंच डावीकडे लागते. हात लगेच टरेटवर, म्हणजे स्कोपच्या (रायफलवरच्या दुर्बिणीच्या) नेम सरकवणाऱ्या गोल बटणावर जातो, आठ क्लिक (बटणाचे आठ टप्पे) उजवीकडे. दुसरी गोळी एक इंच उजवीकडे, म्हणून चार क्लिक परत. तासाभरात काडतुसांची पेटी रिकामी होते आणि झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागणं, काही मिळत नाही. स्कोप झिरो करताना सर्वाधिक गोळ्या या एका सवयीपायी वाया जातात, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

कोणतीही रायफल सगळ्या गोळ्या एकाच भोकात टाकत नाही. रायफल, काडतूस आणि तुम्ही मिळून 100 मीटरवर 5 सेंटीमीटरचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) येत असेल, तर एकटी गोळी त्या वर्तुळात कुठेही पडू शकते. तिच्यावर भरवसा ठेवून टरेट फिरवणं म्हणजे त्या विखुरण्यामागे धावणं. टरेटला हात न लावता, तोच नेम धरून पाच गोळ्या मारा आणि ग्रुपचा मध्य काढा. एका गोळीतली चूक 1 धरली, तर तीन गोळ्यांच्या मध्यातली चूक साधारण 0.58, पाचांची 0.45 आणि दहांची 0.32 उरते. ढोबळ दुरुस्तीला तीन गोळ्या चालतील, शेवटच्या झिरोला मात्र पाचांपेक्षा कमी नकोत, दहा असतील तर उत्तम. ट्रिगर ओढतानाच झटका बसल्याचं जाणवलं असेल, तर ती गोळी हिशोबातून वगळा. टार्गेट पाहिल्यावर न आवडलेली गोळी वगळायची नाही. ती तुमच्या ग्रुपचाच भाग आहे.

आता क्लिकचा हिशोब. बऱ्याच स्कोपचा एक क्लिक पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो, म्हणजे 100 मीटरवर सुमारे 7 मिलीमीटर. 0.1 मिलचा (मिल हे कोनाचंच दुसरं माप) क्लिक त्याच अंतरावर बरोबर 1 सेंटीमीटर सरकवतो. ग्रुप 8 सेंटीमीटर खाली आणि 5 सेंटीमीटर उजवीकडे असेल, तर पाव एमओएच्या स्कोपवर 11 क्लिक वर आणि 7 क्लिक डावीकडे. अंतर कमी झालं की एका क्लिकचं काम त्याच प्रमाणात घटतं, आणि गोंधळ नेमका इथे होतो. 25 मीटरवर तोच क्लिक जेमतेम 1.8 मिलीमीटर सरकवतो, त्यामुळे 3 सेंटीमीटरच्या दुरुस्तीला 16-17 क्लिक लागतात. चार क्लिक देऊन ‘स्कोप ऐकतच नाही’ म्हणणारे या हिशोबात चुकलेले असतात.

टरेटवरचा बाण गोळी कुठे जाणार ते सांगतो, रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) कुठे सरकणार ते नाही. ग्रुप खाली असेल तर ‘अप’कडे फिरवा.

25 मीटरवर कागदावर गोळी आणणं ही चांगली सुरुवात आहे, पण तिथेच थांबू नका. स्कोप रायफलच्या नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसलेला असतो. नजरेची रेषा सरळ आणि गोळीचा मार्ग वक्र, त्यामुळे 25 मीटरवर झिरो केलेली सेंटरफायर रायफल (जिच्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यावर असते) 100 मीटरवर सहसा काही सेंटीमीटर वर मारते. ज्या अंतरासाठी झिरो हवा, त्याच अंतरावर तो पक्का करा.

हे सगळं करण्याआधी स्क्रू बघा. खरं तर हेच पहिलं काम. बेसचा (रायफलवर बसवलेल्या पट्टीचा) एक स्क्रू ढिला असेल, तर ग्रुप दिवसभर भटकत राहतो. उलट, रिंगचे (स्कोप धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू जोर लावून आवळले तर स्कोपची नळी दबते आणि आतली यंत्रणा अडकते. रिंगच्या वरच्या स्क्रूंना साधारण 2 न्यूटन-मीटर पुरतात, पण रिंगसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) वापरा, हाताचा अंदाज इथे कामाचा नाही. रेटिकल सरळ करायला लांबवर ओळंबा टांगा आणि उभी रेघ त्या दोरीशी जुळवा. 3 अंश कललेल्या स्कोपमध्ये 1 मीटर उंचीची दुरुस्ती दिली, तर गोळी सुमारे 5 सेंटीमीटर बाजूला जाते. जवळच्या अंतरावर हा दोष दिसत नाही, लांबवर फसवतो.

डोळ्याकडचं फोकस पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे बघून लावा, सूर्याकडे कधीच नको. मग रायफल स्थिर ठेवून डोकं किंचित हलवा. रेटिकल टार्गेटवरून सरकताना दिसलं तर तो पॅरॅलॅक्स. तो जुळवायची सोय नसलेले सेंटरफायरचे स्कोप बहुधा 100 यार्डांवर आणि रिमफायरचे (बुडाच्या कडेवर पेटणाऱ्या काडतुसांच्या रायफलचे) 50 यार्डांवर जुळवलेले असतात. असा स्कोप जवळच्या अंतरावर वापरताना गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे.

टेकू दस्त्याच्या पुढच्या भागाखाली द्या, नळीखाली नको. नळी टेकली की तिची थरथर बदलते आणि नेमही बदलतो. स्प्रिंगच्या एअर रायफलला तर कठीण टेकूही चालत नाही. ती उघड्या तळहातावर सैल ठेवून मारावी लागते. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे येतो, त्यामुळे अशा रायफलसाठी बनवलेला नसलेला स्कोप आतून मोडू शकतो. गोळीचा प्रकार, वजन किंवा लॉट (कारखान्यातली खेप) बदलला की झिरो पुन्हा तपासा. नळी तापली असेल तर थंड होऊ द्या.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. नळीच्या तोंडात बसवायचा लेझर बोअरसाइटर (नळीची दिशा किरणाने दाखवणारं साधन) काढायला विसरून गोळी मारू नका. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) उघडा, रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोअरसाइटर काढा आणि नळी आरपार मोकळी आहे हे मागून बघा. मगच काडतूस भरा.

एवढं करूनही ग्रुप फिरत असेल, तर पारखलेला दुसरा स्कोप बसवून बघा. ग्रुप जुळला तर दोष पहिल्या स्कोपमध्ये होता. तरीही फिरत असेल, तर माउंट (बेस आणि रिंग), दस्त्याचे स्क्रू, काडतूस किंवा तुमची पकड यांत शोधा. ग्रुप घट्ट येतोय पण टरेटचे क्लिक संपले, तर स्कोपला दोष देऊ नका. बेस किंवा रिंग नळीशी सरळ रेषेत बसलेली नाहीत. ती उतरवून, जागा पुसून पुन्हा बसवा. फरक न पडल्यास बाजूला सरकवता येणारं माउंट घ्या आणि टरेट मध्यावर आणून झिरो नव्याने सुरू करा.