जिनिंग पाहायचं आणि सेवाग्रामही: नागपूर-वर्धा एका दिवसात कसं जमवायचं

नागपूरच्या माणसाने वर्धा दहादा पाहिलेलं असते, पण बहुतेक जण बापू कुटीसमोर फोटो काढतात आणि परत. मी म्हणतो जायचंच आहे तर डिसेंबर-जानेवारीत जा आणि वाटेत एखादं जिनिंग पाहा. कापसातून सरकी, म्हणजे बी, कशी निघते ते एकदा डोळ्यांनी पाहिलं ना, की मग आश्रमातला चरखा नुसता शोपीस वाटत नाही.

पहिली गोष्ट, समृद्धी महामार्ग घेऊ नका. पोचाल लवकर, पण पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, उतरता येत नाही की टपरीवर चहा घेता येत नाही. आपला जुना बुटीबोरी-केळझर-सेलू रस्ताच बरा, वर्धा साधारण 75 किलोमीटर. सकाळी सातला तर्री पोहे खाऊन निघा.

केळझरला थांबा. टेकडीवरचा गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी, आणि गावचे लोक सांगतात की हीच ती एकचक्रानगरी, भीमाने बकासुर मारला ती. अर्धा तास पुरे. वाटेत ओल्या तुरीच्या शेंगा विकून राहिले असतील तर घेऊन टाका, गाडीत सोलत बसायला बऱ्या.

आता जिनिंग. सेलू-वर्धा-हिंगणघाट पट्ट्यात भरपूर आहेत, पण तिकीट, गाइड असली भानगड नसते, तो चालू कारखाना आहे. ओळखीचा शेतकरी किंवा व्यापारी गाठा, त्याच्यामार्फत आदल्या दिवशी दिवाणजीला फोन लावून ठेवा आणि रविवार टाळा, आम्ही एकदा रविवारी गेलो तर गेटवर कुलूप आणि आत एक कुत्रं, बस. अकराच्या आसपास गेलं की कापसाच्या गाड्या येऊन राहिलेल्या असतात. आधी तिथेच उभे राहा, ओलावा मोजतात तो पाहा. सगळा वाद तिथेच होतो, कारण सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि 12 च्या वर गेला की घेतच नाहीत, त्यामुळे शेतकऱ्याचं लक्ष त्या मीटरच्या आकड्यावर, आपल्याकडे कोणी पाहत नाही.

मग आत. रोलरवरचं चामडं तंतू ओढून घेते, सरकी पात्यापाशी अडते, दुसऱ्या पात्याचे ठोके खाते आणि खाली जाळीतून पडते. एवढंच यंत्र, पण ओळीने लागलेली असतात आणि आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागते. 100 किलो कापसातून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते 33 ते 35 किलो, बाकी बहुतेक सरकी. रुई प्रेसमध्ये दाबून साधारण 170 किलोची गाठ बांधतात, सरकी जाते तेलाच्या घाणीला आणि उरलेली ढेप, म्हणजे पेंड, गाई-म्हशींना. गाठ बांधतानाचं चुकवू नका, मुलांना तेच सगळ्यात आवडते.

काळे कपडे घालू नका (मी घातले होते, बाहेर आलो तर पिंजाऱ्यासारखा दिसत होतो). मास्क लावा, ओढणी-मफलर गाडीत ठेवा, रोलरजवळ हात नको. आणि काडी-विडी अजिबात नाही, रुईला ठिणगी पुरते. बाटलीबिटली तर घरूनच आणू नका, जिल्हाच दारूबंदीचा आहे.

मग पवनार. धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम, तिथे खोदताना सापडलेल्या जुन्या मूर्ती भिंतीत बसवल्या आहेत, भरतभेटीची नक्की पाहा. जेवण वर्ध्यात करा.

जेवून मगन संग्रहालय. गांधीजींचे चुलत पुतणे मगनलाल गांधी यांच्या नावाचं, 1938 मध्ये खुद्द गांधीजींनी उघडलेलं. नाना तऱ्हेचे चरखे आहेत, आणि सकाळी गाठीत दाबलेली रुई पाहिली असल्यामुळे इथे आपोआप प्रश्न पडत जातात, सूत किती बारीक, तुटलं तर काय. उघडं आहे का ते फोन करून विचारून घ्या.

सेवाग्राम शेवटी ठेवा. उन्हं कलल्यावर तिथे गर्दी कमी होते. गांधीजी 1936 मध्ये इथे आले तेव्हा गाव शेगाव होतं, आपल्या गजानन महाराजांच्या शेगावशी घोळ होऊन टपाल तिकडे जायचं म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. आश्रमात साप पकडायचा चिमटा आणि पेटी ठेवली आहे, पोरांना दाखवा. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसता आलं तर बसा, फोन सायलेंटवर टाकून.

परतताना बुटीबोरीला एमआयडीसीच्या शिफ्टची गर्दी लागू शकते, तासभर जास्त धरा. वर्ध्यातून निघायच्या आधी गोरस भंडारचा गोरसपाक घ्यायचा असतो, दोन पुडे घ्या, एक तर गाडीतच संपते.