बुरशीनाशक, उंदीर आणि आतडी: असला शोधनिबंध वाचायचा कसा

‘बुरशीनाशकामुळे आतड्यातले जिवाणू बिघडतात, चरबी वाढते’ अशी बातमी आली की कोणीतरी ती मला पाठवतंच. मी काही वर्षं ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काढली. पिंजरे धुवायचे, उंदीर तोलायचे, लेंड्या गोळा करायच्या. त्यामुळे मी निष्कर्ष शेवटी वाचते, आधी ‘पद्धती’ हा भाग, म्हणजे प्रयोग कसा केला ते, उघडते. तुम्हीही तसंच करा.

पहिल्यांदा डोस शोधा. समजा, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घातलंय. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 25 ग्रॅमचा उंदीर दिवसाला साधारण 4 मिलिलिटर पाणी पितो, म्हणजे त्याच्या पोटात 0.04 मिलिग्रॅम जातं. किलोच्या हिशेबात ते 1.6 मिलिग्रॅम झालं. माणसासाठी रोजची मान्य मर्यादा किलोमागे 0.03 मिलिग्रॅम. डोस पन्नासपटीहून जास्त! पण तेवढ्यावरून निबंध टाकून देऊ नका. ही मर्यादा काढतात ती प्राण्यांत अपाय न दिसलेल्या डोसाला सहसा 100 ने भागून, आणि तो अपाय यकृत, वजन, प्रजनन अशा ठिकाणी शोधलेला असतो. आतड्यातल्या जिवाणूंची वेगळी तपासणी नेहमीच्या सक्तीच्या चाचण्यांत नसते. तेवढ्यासाठी तरी हे प्रयोग व्हायला हवेत.

‘दीर्घकाळ’ म्हणजे किती आठवडे, तेही बघा. उंदराचं आयुष्य दोनेक वर्षांचं.

आता पिंजरे. इथे थांबून वाचा, कारण बातमीत हे कधीच येत नाही. उंदीर लेंड्या खातात. मागे वळतो, पुढच्या पायांत लेंडी धरतो आणि दाणा कुरतडावा तशी कुरतडतो. स्वतःची खातो, शेजाऱ्याचीही खातो. त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या पाचही जणांची आतडी थोड्याच दिवसांत एकसारखी होतात. आमच्याकडे एकदा औषध दिलेले दहा उंदीर दोन पिंजऱ्यांत होते आणि साध्या पाण्यावरचे दहा दुसऱ्या दोन पिंजऱ्यांत. एकेका उंदराचे जिवाणू म्हणजे एकेक ठिपका, अशा आलेखात दोन गट लख्ख वेगळे दिसले, सगळे खूश. मी लेंड्यांच्या नळ्यांवर पिंजऱ्याचे नंबर टाकले होते. ठिपक्यांना गटाऐवजी पिंजऱ्याप्रमाणे रंग दिले, तर साध्या पाण्याचे दोन पिंजरेच एकमेकांपासून तितके लांब! प्रयोग पुन्हा करावा लागला आणि मी काही दिवस कोणाचीच लाडकी नव्हते. तेव्हा ‘दर गटात 10 उंदीर’ वाचलं की विचारा: पिंजरे किती?

पुढे जिवाणूंचे आकडे. ते बहुतेकदा टक्केवारीत असतात आणि टक्केवारी फसवते. समजा, 60 ‘क’ आणि 40 ‘ख’ आहेत. औषधाने निम्मे ‘क’ मेले. उरले 30 आणि 40, म्हणजे ‘ख’ 40 टक्क्यांवरून 57 वर. निबंध म्हणणार ‘ख वाढले’. वाढला एकही नाही. एकूण संख्या मोजली आहे का, ते शोधा.

चयापचयाचं सगळं खापर जिवाणूंवर फोडलं असेल तर मी जरा जास्तच चिकित्सा करते. ॲझोल गटातली बुरशीनाशकं बुरशीचं एक विकर (एन्झाइम) अडवतात आणि त्याच कुळातली विकरं आपल्या यकृतातही आहेत. चरबी थेट तिथूनही बिघडू शकते. मग आधी कोण बिघडलं, आतडं की यकृत? औषध दिलेल्या उंदरांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले आणि त्या उंदरांनाही तोच त्रास झाला, तर जिवाणूंवरचा आरोप टिकतो. नुसतं ‘दोन्ही एकाच वेळी बदललं’ असं असेल, तर मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढते आणि पिंजऱ्यांचा आकडा शोधायला पुरवणी तक्ते उघडते.