हिमस्खलनाचे ढिगारे उपग्रहचित्रांत ओळखू लागणाऱ्यांसाठी

हिमस्खलनानंतर उताराच्या पायथ्याशी साचणारा ढिगारा उपग्रहचित्रांतून शोधून नकाशावर आणण्याचे काम ज्यांना शिकायचे आहे, त्यांनी संगणकाकडून तो आपोआप ओळखून घेण्याच्या मागे लागण्याआधी निदान एक खोरे स्वतःच्या हाताने आखावे, असा माझा आग्रह आहे. माझी नजर अशाच आखणीतून तयार झाली.

सरावासाठी स्वित्झर्लंडचे आल्प्स निवडावेत. जानेवारी २०१८ मध्ये तेथे धोक्याची सर्वोच्च, म्हणजे पाचवी, पातळी जाहीर झाली होती. २४ जानेवारीच्या स्पॉट-६ उपग्रहाच्या दीड मीटर विभेदनाच्या (म्हणजे चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे दीड मीटरचा) चित्रांवरून दावोसच्या एसएलएफ या हिम व हिमस्खलन संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १८,७३७ हिमस्खलने आखली. ही आखणी सर्वांसाठी खुली असल्याने आपले काम तिच्याशी ताडून पाहता येते, आणि नवख्या माणसाला याहून मोलाची मदत दुसरी नाही.

स्वतःच्या आखणीसाठी सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहांची मोफत रडारचित्रे वापरावीत. हिमस्खलने बहुधा मोठ्या हिमवृष्टीच्या काळात होतात, तेव्हा आकाश ढगाळ असते. रडारला ढगांचा अडथळा होत नाही. सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या त्याच्या लहरी कोरड्या बर्फातून बव्हंशी आरपार जातात, पण ढिगाऱ्याच्या खडबडीत, दाट बर्फावरून अधिक प्रमाणात परततात. म्हणून एकाच कक्षामार्गावरील आधीचे चित्र लाल व निळ्या आणि नंतरचे हिरव्या रंगात जोडले की नवा ढिगारा हिरवा दिसतो.

मात्र प्रत्येक हिरवा डाग ढिगारा नसतो. ओला बर्फ लहरी शोषून घेतो. आधीच्या चित्रात बर्फ ओला असेल आणि नंतर तो गोठला असेल, तर उतारच्या उतार हिरवा होतो. असा पट्टा साधारणपणे उंचीनुसार आडवा पसरतो, तर ढिगारा घळीतून जिभेसारखा उतरून उतार सौम्य होतो तेथे थांबतो. त्यामुळे उंचीचे प्रारूप (प्रत्येक ठिकाणची उंची दाखवणारा अंकीय नकाशा) शेजारी ठेवल्याशिवाय एकही रेषा ओढू नये. लहान हिमस्खलने सेंटिनेल-१च्या विभेदनाला सापडत नाहीत, आणि स्खलन सुटले ती जागा सहसा दिसत नाही.

रडारकडे तोंड केलेले तीव्र उतार चित्रात दबतात, तर पाठमोरे सावलीत जातात. हे भाग ‘हिमस्खलन नाही’ म्हणून नव्हे, तर ‘दिसत नाही’ म्हणून वेगळे नोंदवावेत, कारण नकाशातील रिकामी जागा सुरक्षित मानून कोणी त्या वाटेने जाऊ शकतो. प्रत्येक ढिगाऱ्यापुढे दोन्ही चित्रांच्या तारखा लिहाव्यात. घटना त्या दोहोंच्या दरम्यान केव्हातरी घडली, इतकेच आपल्याला ठामपणे सांगता येते.