थंड प्रदेशातल्या नदीवर मोठं धरण प्लॅन करताय? या चुका टाळा

मुंबईत सिव्हिलच्या लास्ट इयरला जलविद्युतचा प्रोजेक्ट घेतलाय आणि नदी कॅनडातली नाहीतर हिमालयातली निवडलीय, तर आधी आपल्या पावसाळ्याचा हिशोब डोक्यातून काढा. आपलं तानसा, मोडकसागर जुलै-ऑगस्टात भरून वाहतं, तिकडे कॅनडात पाणी येतं बर्फ वितळल्यावर, म्हणजे मे-जूनला, आणि विजेची मागणी सगळ्यात जास्त कडाक्याच्या थंडीत, नेमका नदीचा नैसर्गिक प्रवाह तळाला गेलेला असतो तेव्हा. त्यामुळे साठा कुठे करणार ते पहिलं ठरवा. कॅनडातल्या पीस नदीवरचं साइट सी धरण वरच्या बेनेट धरणाच्या प्रचंड साठ्यावर चालतं, त्याचं स्वतःचं जलाशय त्यामानाने लहान आहे.

युनिट जास्त येतायत? मग क्षमतेला, म्हणजे साइट सीसारख्या ११०० मेगावॅटला, सरळ वर्षाच्या ८७६० तासांनी गुणलं असणार. तसं केलं की ९६३ कोटी युनिट दिसतात, साइट सीचा अंदाज वर्षाला साधारण ५१० कोटींचाच आहे.

धरणाला किती मोठा पूर झेलावा लागेल ते काढताना नुसता पाऊस धरू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमला दक्षिण ल्होनाक हा हिमनदीचा तलाव फुटला आणि चुंगथांगचं १२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून गेलं, खाली माणसं गेली. तलाव तिथे आहे हे आधीपासून माहीत होतं, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

आणि खालच्या अंगाला बघायचं म्हणजे दोन-चार गावं बघून थांबायचं नाही हो! १९६८ ते ७१ बेनेटचं जलाशय भरत होते तेव्हा हजारेक किलोमीटर खाली पीस-अथाबास्का डेल्टाला पुराचं पाणी मिळेना, तळी आटली, मस्करॅट (पाणथळीत राहणारे उंदरासारखे प्राणी) कमी झाले आणि त्यांच्या शिकारीवर जगणाऱ्या तिथल्या आदिवासींचं पोट मारलं गेलं. या लोकांना रिपोर्टमध्ये 'प्रकल्पग्रस्त' म्हणून जागा द्याच, जमीन बुडाली नाही म्हणून वगळू नका.

खर्चाचं म्हणाल तर साइट सी २०१४ ला ८८० कोटी कॅनेडियन डॉलरला मंजूर झालं, २०२१ ला आकडा १६०० कोटींवर गेला, त्यात कोविडही होता पण उजव्या काठाच्या शेल (चिखलाचा बनलेला थरांचा) खडकातल्या पायाचं कामही वाढलं होतं. म्हणून खडक तपासायचे बोअरहोल पॉवरहाऊस आणि स्पिलवेच्या (सांडव्याच्या) खालीच घ्या, लांबून अंदाज नको, आणि शेलचे कमकुवत थर सापडले तर पाया पक्का करायचा खर्च पहिल्याच एस्टिमेटमध्ये धरा.